टपोऱ्याभोवतीची रेघ

मी कागद बोलतोय. साधासुधा नव्हे बरं का. राणीसाहेबांच्या दागिन्यांची चित्रं माझ्यावर आहेत. मधोमध मोठा हिरा, लाडाचं नाव टपोरा, आणि खाली दोन सुटे पाचू. रंग अजून ताजे आहेत. रूपाचा तोरा मला पहिल्यापासूनच.

दरबारी चित्रकाराची पद्धत सोपी होती. खडा माझ्यावर ठेवायचा, बोटाने दाबून धरायचा आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. आकार हुबेहूब येतो, असं तो ज्याला त्याला सांगायचा. मीही मान डोलवायचो.

चित्र झाल्यावर टपोरा नव्या कोंदणाच्या मापासाठी सोनाराकडे गेला. पाचू महालातच राहिले. महिन्याभराने सोनाराने हिरा आणि कोंदण आणून दिलं. हिरा बसवण्याआधी कारभाऱ्यांनी तो माझ्यावर ठेवून पाहिला. चहूबाजूंनी केसभर फट दिसत होती.

सोनाराने हिरा घासून तुकडा काढला, असं ठरलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. चित्रकार तिथेच उभा होता, पण नोकरी जाईल या भीतीने मिठाची गुळणी धरून बसला. सोनाराचं दुकान बंद झालं आणि बायकामुलांना घेऊन तो गाव सोडून गेला. त्याच्याविरुद्धचा एकमेव साक्षीदार मी होतो. मला या गोष्टीची फार लाज वाटते.

पुढे मी संग्रहालयात आलो. टपोरा आणि पाचूही इथेच आले. अभ्यासक मला पाहून सांगत, 'हिरा मुळात मोठा होता, सोनाराने खाल्ला.'

गेल्या आठवड्यात एक बाई आली. त्या सोनाराची पणती, स्वतःही हेच काम करणारी. तिने मला बराच वेळ न्याहाळलं आणि संग्रहालयाच्या मॅडमना विचारलं, "पाचू तर सोनाराकडे गेलेच नव्हते ना? मग तेही ठेवून बघूया का?"

मॅडमनी हातमोजे घालून पाचू माझ्यावर ठेवले. त्यांच्याभोवतीही तशीच केसभर फट होती. पेन्सिलचं टोक खड्याच्या कडेला टेकतच नाही, रेघ जरा बाहेरून जाते, हे तिने मॅडमना शांतपणे दाखवलं. मग तिने घरी फोन लावला.

"बाबा, हिरा तेवढाच होता. पणजोबांनी काही काढलं नव्हतं."

पलीकडून एक थकलेला आवाज आला, "असं लेखी देतील का गं ते?"

मॅडमनी लगेच कागद ओढला, सगळं लिहिलं, शिक्का मारला. त्याची एक प्रत आता माझ्या शेजारी लावली आहे. कधी आलात, तर माझ्या रंगांचं कौतुक नंतर करा, आधी ती वाचा. मला हात असते, तर तिच्याखाली पहिली सही मीच केली असती.