बेचाळीस रुपयांची कंपनी

हरिभाऊ पोह्यांची ताटली घेऊन लेकीच्या खोलीत आले, तसा शरयूनं लॅपटॉप अर्धा मिटला.

"राहू दे उघडा. मले काय समजते त्यातलं?"

शरयू वर्ध्याच्या घरूनच मुंबईच्या एका दलाली पेढीचं काम करायची. तेल आणि वायूच्या कंपन्यांचं मोल काढायचं. आज पडद्यावर असलेल्या कंपनीच्या समुद्रातल्या विहिरी उत्तम होत्या. सगळ्यांची मिळून किंमत दहा हजार कोटी, पण डोक्यावर कर्ज नऊ हजार कोटींचं. आधी कर्ज देणारे आपलं घेणार, मग उरलंसुरलं शेअरवाल्यांना. तेलाचा भाव उतरला की विहिरींची किंमत उतरते. कर्ज बापडं आहे तिथंच राहतं. तेल आता उतरायलाच लागलं होतं. बाजारात बेचाळीस रुपयांना मिळणाऱ्या शेअरपुढे शरयूनं खरं मोल म्हणून सहा रुपये लिहिले होते.

अहवाल संध्याकाळी बाहेर पडणार होता. तोवर घरातसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. तिच्यासोबतच्या मेघानं मेहुण्याच्या कानावर असंच काहीतरी घातलं आणि आठवड्यात तिची नोकरी गेली. शरयूच्या पगारावर घराचे हप्ते चालले होते.

हरिभाऊंनी चष्मा लावून मोबाइल उघडला. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून बाजार उघडायची ते शाळेच्या घंटेसारखी वाट पाहत.

"शरयू, तेलाच्या कंपनीत टाकून राह्यलो. समुद्रात विहिरी हायेत तिच्या." त्यांनी नाव सांगितलं. तेच. "बेचाळीसले भेटते. एका टायमाले दोनशे होता. अन् तेलाशिवाय गाड्या चालतात का?"

"किती टाकताय?"

"आठ लाख. होते तेवढे."

शरयूनं लॅपटॉप पूर्ण मिटला. तिला नुसतं बधिर वाटत होतं. दुसऱ्या कुणाचे वडील समोर बसले आहेत तसं.

"काऊन बोलत नाईस?"

"मला नका विचारू, बाबा. कामाचं आहे."

"बरं बरं, नाई विचारत." ते समजूतदारपणे हसले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. शाळेतले त्यांचे जुने सहकारी पुंडलिकराव.

"हो हो, तीच. घ्या बिनधास्त. शरयू इथंच बसून हाय. नाई, ती काई बोलली नाई. मी काय म्हणतो, पुंडलिकराव, चवथीत फळ्यावर माझं गणित चुकलं तर ही पोरगी अख्ख्या वर्गासमोर उभी राह्यची. बापाचं चुकलं असतं तर आज गप बसली असती का?"

फोन ठेवून त्यांनी पडद्यावर खरेदीच्या बटणावर बोट टेकवलं, थोडं थांबले, पुन्हा टेकवलं.

"झालं," ते म्हणाले. "चहा मांडू तुले?"

"हो," शरयू म्हणाली.