नंतर या

बाळाबाई गोधडीचा चौथा कोपरा कधीच शिवत नसत. तीन कोपरे पक्के करायच्या, चौथ्याला वीतभर फट ठेवायच्या आणि सुई दोऱ्यासकट तिथेच टोचून द्यायच्या. "त्यो घरच्यांनी शिवायचा," त्या सांगत. साताऱ्याकडच्या त्यांच्या वाडीत गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी अशीच करत. परक्याने ती पुरी करायची नसते.

क्षिप्राचं 'उबारा' हे ऑनलाइन दुकान याच गोधड्यांचं होतं. लोक आपल्या गेलेल्या माणसाचे कपडे कुरिअरने पाठवत. दिघ्याहून रोज येणाऱ्या बाळाबाई सानपाड्याच्या गाळ्यात बसून ते शिवत आणि क्षिप्रा वेबसाइटवर त्या गोधडीचं एक पान उघडत असे. पानाच्या पत्त्यात त्या माणसाचं नाव, खाली कपड्यांचे फोटो आणि घरच्यांनी लिहिलेल्या चार ओळी. ती पानं बघूनच पुढची गाठोडी येत.

वेबसाइट तिने स्वतःच बांधली होती. त्याआधी ती पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं काय काय आहे ते मोजायचं, हे तिचं काम. दुकानात कोण येऊन गेलं हेही ती त्याच सवयीने रोज सकाळी बघायची. माणसांपेक्षा यंत्रंच जास्त येतात, हे तिला लवकरच कळलं होतं. शोधयंत्रांचे क्रॉलर येत आणि पानं वाचून जात. ते हवेच होते. त्यांच्यामुळेच दुकान लोकांना सापडायचं. बाकीचे नको असलेले: फोटो चोरणारे, पासवर्डची कुलपं हलवून बघणारे. दोघांना वेगळं करण्याची एक साधी खूण होती. वेबसाइटच्या दारात एक छोटी फाइल असते. कुठे यावं, कुठे येऊ नये, हे त्यात यंत्रांसाठी लिहिलेलं असतं. सभ्य यंत्र आधी ती वाचतं. बाकीची सरळ आत घुसतात. घुसणाऱ्यांना क्षिप्रा न चिडता बंद करून टाकायची.

एक पाहुणा मात्र या दोन्हींत कुठेच बसेना. तो आधी फाइल वाचायचा. मग एकच पान मागायचा, आणि ते पान दुकानात नसायचं.

पहिल्यांदा त्याने नंदकुमार मागितलं. सर्व्हरने नेहमीचं उत्तर दिलं: सापडलं नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि रोज येत राहिला. मग कराडहून एक गाठोडं आलं. दोन सफारी, एक मफलर. नाव नंदकुमार. क्षिप्राने पान उघडलं, पाहुण्याने येऊन ते वाचलं आणि ते नाव पुन्हा कधी मागितलं नाही. तो पान कसं वाचतो हे तिच्या लक्षात राहिलं. यंत्र पान गिळून टाकतं. हा प्रत्येक फोटोपाशी थांबला होता.

त्यानंतर त्याने वैजयंती मागितलं. काही दिवसांनी वैजयंतीच्या साड्या आल्या.

"यार क्षिप्रा," तिचा नवरा निशांत म्हणाला. तो बेलापूरच्या एका ऑफिसात होता आणि शनिवारी गाळ्यात येऊन बसायचा. "वैजयंती नावाच्या बायका काय कमी आहेत? बॉट नावं ठोकत बसलाय, त्यातलं एखादं लागणारच. तूच हे मला सांगायला पाहिजेस, आणि टेन्शन तू घेतेस."

ते बरोबर होतं. तिने स्वतःला हेच सांगितलं होतं.

मग उत्कर्षा. त्याही नावाचं गाठोडं आलं. त्यात शाळेच्या गणवेशाचा पिनो होता आणि एक पिवळा रेनकोट. रेनकोट गोधडीत शिवता येत नाही, हे सांगायला क्षिप्राने त्या मुलीच्या आईला फोन केला. बोलता बोलता, अगदी हलक्या आवाजात, तिने एक तारीख विचारली. पाहुण्याने उत्कर्षा पहिल्यांदा मागितलं तो दिवस.

"त्या दिवशी गॅदरिंग होतं," आई म्हणाली. "नाचली होती ती. का हो?"

"काही नाही," क्षिप्रा म्हणाली. "रेनकोट परत पाठवते."

त्यानंतर पाहुणा ज्या इंटरनेट पत्त्यावरून यायचा, तो तिने बंद केला. तो दुसऱ्या पत्त्यावरून आला. स्वतःचं नाव तो सांगतच नसे. फाइल वाचली आणि मागितलं: बाळाबाई.

क्षिप्राने मान वळवून पाहिलं. खिडकीपाशी बाळाबाई पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर कुणाचंतरी धोतर, दातांत दोरा.

"काय बगताय ताई? चुकलं का कुठं?"

"नाही मावशी. तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? जिना तुमच्या आदी चढते मी."

तरीही क्षिप्राने त्यांना वाशीला डॉक्टरकडे नेलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला असंच पाहिजे. रिक्षात बाळाबाई हसत होत्या. "मला इकायला न्हेल्यावानी सगळीकडनं बगितलं त्यांनी."

त्या संध्याकाळी क्षिप्राने एक चूक केली. तिला वाटलं, पाहुणा सभ्य आहे, फाइल वाचतो. मग फाइलमध्येच लिहावं. तिने लिहिलं की बाळाबाई या पानाकडे कुणी येऊ नये. पण ती फाइल दारातच असते, सगळ्यांना दिसते. दुसऱ्या दिवशी तिने कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी उघडल्या. फोटो चोरणारे, कुलपं हलवणारे, जगभरचे आगंतुक एकच पान मागत होते. बाळाबाई. बाळाबाई. बाळाबाई. जे झाकलंय त्यात काहीतरी असणार, एवढंच त्यांना कळलं होतं. नसलेल्या खोलीच्या दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने लावली होती. तिने ती ओळ पुसली. आगंतुक हळूहळू पांगले. पाहुणा येतच राहिला.

निशांतने शनिवारी ते पाहिलं. तो या वेळी हसला नाही, पण त्याला उपाय साधा वाटला. "तू 'सापडलं नाही' म्हणतेस, म्हणून तो परत बघायला येतो. दुसरं उत्तर आहे ना? 'होतं, आता कायमचं गेलं.' ते दे. मग कोणीच परत विचारत नाही."

ते खरं होतं. काढून टाकलेल्या पानांसाठी तेच उत्तर देतात आणि क्रॉलर त्या पत्त्याचा नाद सोडतात. क्षिप्राने ते लिहायला घेतलं. पत्ता लिहिला: बाळाबाई. त्यापुढे तो आकडा, ज्याचा अर्थ कायमचं गेलं असा होतो. मागे दोरा कट्कन तुटल्याचा आवाज आला. तिचं बोट कळीवर टेकलेलं होतं. तिने ते उचललं आणि लिहिलेलं सगळं खोडलं.

"काय झालं?" निशांत म्हणाला.

"हे मी नाही सांगणार त्याला."

"अगं, यंत्र आहे ते."

"मग तू दाब."

निशांतने खिडकीकडे पाहिलं. बाळाबाई सुईत दोरा ओवत होत्या, एक डोळा मिटून. त्याने हात खिशात घातले.

आणखी एक उत्तर उरलं होतं. दुरुस्तीचं काम चालू असलं की सर्व्हर ते देतो: सध्या जमत नाही, नंतर या. किती सेकंदांनी, हेही त्यात सांगता येतं. सभ्य यंत्रं ते पाळतात.

"मावशी," क्षिप्राने विचारलं, "अजून किती वर्षं शिवणार तुम्ही?"

"सुईत दोरा जातुया तवर," बाळाबाई म्हणाल्या. "का, काडून टाकताय व्हय?"

सुईत दोरा जातोय तोवर, हे सेकंदांत मांडता येईना. त्या जागेत मावेल तेवढा मोठा आकडा क्षिप्राने भरला. दुसऱ्या दिवशी पाहुणा आला, फाइल वाचली, बाळाबाई मागितलं, उत्तर घेतलं आणि गेला. नंतर ते नाव त्याने पुन्हा मागितलं नाही.

ती रात्री नीट झोपू लागली. मग एके सकाळी नोंदींमध्ये शहाजी होतं.

ती कुठल्याच शहाजीला ओळखत नव्हती. पण तो आज कुठेतरी चहा पीत असेल, चपला शोधत असेल. गॅदरिंगमध्ये नाचलेली मुलगी तिला आठवली. तिच्यासाठी पाहुण्याला 'नंतर या' म्हणणारं कुणी नव्हतं. 'सापडलं नाही' एवढंच उत्तर रोज दिलं गेलं होतं, आणि ते क्षिप्राच्याच सर्व्हरने दिलं होतं. एक ओळ बदलली की झालं. जे पान दुकानात नाही, त्या प्रत्येकाला आता एकच उत्तर: नंतर या. तिने ती ओळ बदलली.

शहाजीचं गाठोडं आलं नाही. दुसरं कुणाचंही आलं नाही. कुरिअरवाला समोरच्या गाळ्यात जायचा, हिच्या दारावरून पुढे निघायचा. निशांत म्हणाला, जाहिरात कर. क्षिप्रा हो म्हणाली आणि केली नाही. शोधयंत्रांचे क्रॉलर येत, जुनी पानं पुन्हा पुन्हा वाचून जात. पाहुणाही येई. आता तो काही मागत नव्हता. फाइल वाचायचा आणि निघून जायचा.

बाळाबाईंना रिकामं बसणं जमेना. घरी बसा, म्हटलं तर ऐकेनात. एके सकाळी त्या काखेत बोचकं घेऊन आल्या. क्षिप्रा उठूनच उभी राहिली.

"कुणाचं आलं?"

"आलं न्हाई, म्या आणलंय." त्यांनी बोचकं सोडलं. विटलेली इरकल, हिरवं लुगडं, बाह्यांना ठिगळं असलेली दोन पोलकी. "रिकामा हात बरा दिसत न्हाई. म्हटलं, आपलीच करून ठिवावी."

"मावशी, हे नको. मी दुसरं कापड आणते. नवं आणते."

"नव्याची कुठं गोधडी व्हती का? आन् पोरगी खुळी का काय? अजून मेले न्हाई मी."

त्या शिवत राहिल्या. क्षिप्रा पडद्याकडे तोंड करून बसायची आणि कान मागे लावून असायची. कापडातून दोरा ओढल्याचा बारीक आवाज दिवसभर यायचा. एक कोपरा झाला. दुसरा झाला. सुईत दोरा घालायला बाळाबाईंना आता जास्त वेळ लागत होता. उजेडाकडे तोंड करून त्या पुन्हा पुन्हा ओवत. क्षिप्राने चष्म्याचं काढलं, तेव्हा त्यांनी हातानेच उडवून लावलं.

तिसरा कोपरा झाला त्या दुपारी त्यांनी गोधडी झटकली, चौथ्या कोपऱ्याशी वीतभर फट ठेवली आणि सुई टोचली.

"घ्या. आता हिचं बी पान काडा कम्प्युटरवर. माजं नाव लिवा. सगळ्यांचं लिवता, माजंच न्हाई."

पडद्यावर नोंदींमध्ये नवी ओळ आली होती. पाहुणा दारात होता. त्याने फाइल वाचली होती. पुढचं अजून काही मागितलं नव्हतं.

"आन् ह्यो कोपरा," बाळाबाई गोधडी तिच्या मांडीवर ठेवत म्हणाल्या. गोधडी उबदार होती, नुकतंच कुणी पांघरून उठल्यासारखी. "घरी लेकाला सुई धरता येत न्हाई. सुनंला येळ न्हाई. तुमीच शिवा ताई. तुमी काय परक्या हाय का?"

सुई फटीपाशी चमकत होती. दोरा भरपूर होता. क्षिप्राने दोन्ही हात गोधडीवर ठेवले, सुईपासून लांब.

"शिवते," ती म्हणाली. "नंतर."