फोन आलाच नव्हता

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानाला कोच ऑर्व्हिल स्ट्राउड यांचं नाव दिलं. दारावर मोठा फलक लावलाय आणि त्यावर त्यांचं लाडकं वाक्य कोरलंय: ‘आधी माणूस, मग खेळाडू.’ त्यांचा सहायक म्हणून मी, रस गिल्मरने, ते अकरा वर्षं ऐकलं. आता त्यांच्या खुर्चीत बसून तेच मी पोरांना ऐकवतो, कारण पगार त्याचाच मिळतो.

कोच स्वतः तसे वागत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. वर्गात आमची पोरं पहिल्या दोन रांगांत बसत, डोक्यावर टोपी नसे. एकाने तास बुडवला तर अख्खा संघ पहाटे पाचला धावे, आणि साठी उलटलेले कोचही धापा टाकत मागून धावत. पण सगळ्या कॅन्ससमध्ये त्यांचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. चेंडू जमिनीला लागून हातात आला आणि अंपायरने चुकून बाद दिलं, तर आमच्या पोराने स्वतः हात वर करून सांगायचं की हा कॅच नव्हता. बाकीचे कोच आमची टिंगल करत. स्ट्राउड संघ चालवतो की चर्चमधली रविवारची शाळा, असं विचारत.

केंडल फ्रीसन तिसऱ्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. गहू पिकवणाऱ्या, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या घरातला पोरगा, बोलायला कंजूष. मैदानाच्या मागच्या भागात चेंडू कुठे पडणार हे त्याला बॅटच्या आवाजावरून कळायचं. विभागीय अंतिम सामन्यात आम्ही एका धावेने पुढे होतो. शेवटच्या चेंडूवर केंडलने झेप घेतली, अंपायरने बाद दिलं, आमची पोरं नाचत मैदानात घुसली. केंडलने उठून हात वर केला. त्यांच्या दोन धावा धरल्या गेल्या आणि आम्ही हरलो. कोचनी सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. त्याचा फोटो पेपरात आला होता. माझ्या ऑफिसात तो अजून टांगलेला आहे.

तीन आठवड्यांनी ड्राफ्ट होता. जूनमध्ये व्यावसायिक क्लब कॉलेजची पोरं निवडतात. तिसऱ्या वर्षाच्या पोराला चांगला भाव मिळतो, कारण नाही पटलं तर तो कॉलेजात परत जाऊ शकतो. चौथ्या वर्षानंतर मिळेल ते मुकाट घ्यावं लागतं. केंडलला जायचं होतं, आणि क्लबच्या फॉर्मवर त्याने तसं लिहूनही दिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी पिंकस्टन नावाच्या स्काऊटचा, म्हणजे एका क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याचा, खात्री करायला कोचना फोन आला. मी समोर बसून पुढच्या सीझनच्या बसगाड्या ठरवत होतो.

“नाही हो, तो नाही यायचा,” कोच म्हणाले. “फॉर्मवर लिहिलं असेल त्याने. पण आई त्याला डिग्रीशिवाय हलू देणार नाही. तुमची निवड फुकट जाईल.”

केंडलची आई असं काही बोललीच नव्हती.

फोन ठेवून कोचनी माझ्याकडे बघितलं. तोंडातल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कपात थुंकली आणि म्हणाले, “रस, पोराचं शिक्षण महत्त्वाचं.” पुढच्या वर्षी आमचा संघ तगडा होणार होता आणि केंडलच्या जागी उभं करायला आमच्याकडे कुणी नव्हतं, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही. मी ‘हो, कोच’ म्हणालो. मला बायको होती, दोन मुली होत्या आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती. ही सबब मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीय की आता माझा मलाच वीट येतो.

केंडल दोन दिवस स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी कोच चाळीस मैल गाडी हाकत त्याची समजूत घालायला गेले आणि त्याच्या आईच्या हातचा चेरीचा केक खाऊन आले.

पुढच्या वर्षी आम्ही विभाग जिंकला. नंतर एका फुटकळ क्लबने केंडलला जागा देऊ केली. पैसे नावापुरते आणि उन्हाळाभर बसमधून वणवण. तो विचारायला माझ्याकडे आला. कोचपुढे पोरं रडायची, पण सरळ उत्तर हवं असलं की माझ्याकडे यायची.

“कोच गिल्मर, गेल्या वर्षी माझ्यासाठी कुणाचा फोन आला होता का? एकाचा जरी आला असेल ना, तर मी जातो. नसेल तर समजेन, आपली तेवढी लायकीच नाही.”

“नाही रे,” मी म्हणालो. “कुणाचाच नाही.”

तो गेला नाही. गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला लागला आणि आज तिथला मॅनेजर आहे.

नाव देण्याच्या समारंभात जुन्या खेळाडूंतर्फे केंडलच बोलणार होता. आदल्या दिवशी तो मला मैदान आखायला मदत करायला आला. कोचना जाऊन दोन वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाचं पाप सांगायला हिंमत लागू नये, पण मला ती सकाळभर गोळा करावी लागली.

“केंडल, उद्या बोलायच्या आधी तुला एक कळायला हवं. तुझ्या तिसऱ्या वर्षी एक फोन आला होता. कोचनी तेव्हा...”

“पिंकस्टनचा. माहितेय मला.” तो चुन्याची गाडी ढकलतच राहिला. “दहा वर्षं झाली, त्यानेच सांगितलं. मी तडक कोचच्या घरी गेलो. म्हातारा ढसाढसा रडला माझ्यापुढे. मग काय बोलणार? विषय संपवला.”

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. आणि हलकं वाटलं की माणूस बरळतो. मी म्हणालो, “मलाही फार सलत होतं रे. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं ना, तेव्हाच मी बोलायला हवं होतं.”

चुन्याची गाडी थांबली.

“तुम्ही तिथे होतात?”

मी मान हलवली.

“मी विचारलं होतं कोचना,” तो म्हणाला. “गिल्मरना ठाऊक होतं का म्हणून. ते म्हणाले, खोलीत मी एकटाच होतो, त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.”

म्हणजे म्हाताऱ्याने रडता रडताही मला वाचवलं होतं, आणि मी ते दोन वाक्यांत उधळलं.

“कोचनी माझं एक वर्ष घेतलं,” केंडल म्हणाला. “त्यानंतरची सगळी तुम्ही घेतलीत.”

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने उरलेली रेघ कुंपणापर्यंत सरळ ओढली, गाडी शेडमध्ये ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो अकरा मिनिटं बोलला. कोचच्या खरेपणावर बोलला, लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरून उतरताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही मिळवला, कारण लोक बघत होते.