रविवारी पाहिलेले घर

पाण्याच्या मोटारीच्या खोलीशेजारी उभ्या असलेल्या जिच्या सीटवर तुम्ही क्रिकेटच्या बॅटी टेकवता आणि जिच्या आरशात बघून तुमच्यापैकी काहीजण हळूच भांग पाडतात, ती मी. मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. तुम्हाला मी राखाडी वाटत असेन, पण तो रंग माझा नव्हे, धुळीचा आहे. ओल्या फडक्याने पुसून पाहा, खाली मोरपंखी रंग निघेल. तुमच्यातले बरेचजण जन्मलेही नव्हते तेव्हा मी या सोसायटीत आले. त्याआधी मी येरवड्यात होते. माझे खरे आयुष्य तिकडेच गेले. ते इथे येऊन का थांबले, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फार नाही. कारखान्यात आम्ही शेकडो जणी एकाच रांगेतून बाहेर पडलो. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा धडधडाट आणि ओल्या रंगाचा वास, एवढेच आठवते. पुढे मी एका दुकानात काचेमागे उभी राहिले. तिथे एके दिवशी कादंबरी नावाची एकजण आली. धाराशिवहून शिकायला पुण्यात आलेली आणि नोकरी लागून इथेच राहिलेली मुलगी. दुकानदाराने तिला आधी पांढरी दाखवली, मग काळी दाखवली. ती माझ्यापाशी येऊन थांबली. "हीच द्या. मुलांना रंग आवडेल," ती म्हणाली.

दुकानदाराला वाटले, हिला घरी मुले असतील. तिचे तर लग्नही झाले नव्हते. ती तिच्या शाळेतल्या मुलांबद्दल बोलत होती.

ही शाळा स्वारगेटजवळ होती. तिथल्या मुलांना ऐकू येत नसे. कादंबरी त्यांना हातांच्या खुणांनी बोलायला शिकवी, आणि ज्यांना जमेल त्यांना तोंडानेही. मित्रांनो, तुम्ही बोलायला कसे शिकलात, ते तुम्हाला आठवत नाही. कानावर पडले आणि तुम्ही म्हणालात. पण ज्याने आवाज कधी ऐकलाच नाही, त्याला 'प' आणि 'ब' यांतला फरक कसा कळावा? ओठ तर दोन्हींना सारखेच मिटतात. फरक असतो तो घशातल्या थरथरीचा.

आणि इथेच माझा उपयोग झाला. कादंबरीबाई मला शाळेच्या आवारात चालू करून उभी करत आणि एकेका मुलाचा तळवा माझ्या अंगावर ठेवत. माझे इंजिन थरथरे. मग तोच तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्या म्हणत, "ब." मूल आधी माझ्याकडे बघे, मग बाईंकडे, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लख्खकन उजळे. माझ्या बरोबरीच्या स्कूटरी पुण्यात हजारोंनी धावत असतील. पण शिकवायचे भाग्य त्यांतल्या कितीजणींना मिळाले असेल?

पुढे कादंबरीचे लग्न झाले. नवरा उत्तरेश्वर, खराडीच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. माणूस सालस. दोघांनी येरवड्यात नसीमबानूंच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी खाली जिन्याखाली उभी राही. नसीमबानूंना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले, त्यामुळे मराठी स्वच्छ आणि जीभ तिखट. त्यांचा मुलगा शकील कॅम्पात चष्म्यांच्या दुकानात काम करी. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली मुलगी अफशीन जन्मापासून ऐकू शकत नव्हती.

अफशीन तीन वर्षांची झाली तशी बाईंनी तिला आपल्या शाळेत घातले. रोज सकाळी ती माझ्यावर पुढे उभी राही, कानाला मशीन, पाठीला दप्तर. बंडगार्डनचा पूल ओलांडून आम्ही स्वारगेटकडे निघत असू. सकाळचा पहिला तास तिचा एकटीचा असे. पुढे बाईंना शेफाली झाली, आणि बाई शाळेत असताना शेफालीला खाला सांभाळू लागल्या. म्हणजे खालांची नात बाईंकडे आणि बाईंची लेक खालांकडे. कुणी कुणावर उपकार केले, हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नाही.

अफशीन पहिला शब्द म्हणाली तो 'अब्बा'. शकील त्या दिवशी दुकानात गेलाच नाही. मग खालांनी हट्ट धरला. "बापाला हाक मारते, आणि आंघोळ घालणारी मी? मला कधी?"

"दादी शब्द कठीण आहे, खाला," बाई हसून म्हणाल्या. "द म्हणताना जीभ दातांमागे जाते, बाहेरून दिसत नाही. वेळ लागेल."

वेळ लागला. कित्येक महिने अफशीन 'ताती' म्हणत राहिली. जीभ बरोबर जागी जाई, पण घसा थरथरत नसे. मग एकदा, माझ्या सीटवर हात ठेवून, ती म्हणाली, "दाती." पहिला 'द' आला होता. खाला जिन्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ताती म्हणो, दाती म्हणो. हाक मलाच मारते, हे मला कळतं."

"नाही खाला. पूर्ण म्हणायला लावते. थोडेच दिवस राहिलेत," बाई म्हणाल्या.

त्याच सुमारास घर घ्यायचे ठरले.

उत्तरेश्वरांची इच्छा चुकीची नव्हती. त्यांचे वडील भीमराव गावाहून येत, तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरकडे पाय करून झोपावे लागे. शेफालीला अभ्यासाला कोपरा नव्हता. येरवड्यातच, पुढच्या गल्लीत एक घर मिळत होते. एकच खोली, स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे, जिना अंधारा, लिफ्ट नाही. तेवढ्याच किमतीत वाघोलीच्या पुढे दोन खोल्या, मोठा हॉल, गॅलरी आणि लिफ्ट मिळत होती.

आम्ही ते घर पाहायला गेलो तो दिवस रविवार होता. नगर रस्ता मोकळा होता. शेफाली पुढे उभी, उत्तरेश्वर मागे, आणि मी वाऱ्यासारखी धावत होते. संतोष नावाचा दलाल फाटकात वाट बघत होता.

"किती पटकन आलात बघा, सर! खराडी वीस मिनिटं. आणि दोन-चार वर्षांत मेट्रो येतेच आहे."

"स्वारगेट?" बाईंनी विचारले.

"स्वारगेटला कशाला जायचंय मॅडम? सगळं इकडंच होतंय आता."

ते वर जाऊन आले. गॅलरी खालूनही दिसत होती. शेफाली तिथून ओरडत होती, "आई, शेत दिसतंय!" तेव्हा समोर खरोखरच ज्वारीचे शेत होते. आज तिथे तुमच्या मित्रांची इमारत आहे. खाली आल्यावर उत्तरेश्वरांचा चेहरा असा फुलला होता, की त्यांच्याकडे बघून कुणालाही बरे वाटले असते. ते म्हणाले, "बाबांना वेगळी खोली होईल गं. पण तुला शाळा लांब पडेल. जमेल ना? नसेल तर स्पष्ट सांग, आपण ते येरवड्याचं बघू."

बाईंनी वर गॅलरीकडे पाहिले. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. "जमेल की," त्या म्हणाल्या. "थोडं लवकर निघेन."

खालांना सांगितले तेव्हा त्यांनी शेफालीला जवळ ओढून घेतले. मग म्हणाल्या, "वाघोलीच्याही पुढे? मग पुणं कशाला म्हणता बेटा, नगरच म्हणा की." सगळे हसले. खालाही हसल्या. अफशीनला काय चालले आहे ते कळत नव्हते, म्हणून तीही हसली.

मित्रांनो, मग सोमवार आला.

सोमवारी तो रस्ता रविवारचा राहिला नाही. पाण्याचे टँकर, खडीचे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि मध्ये जागा शोधणाऱ्या आमच्यासारख्या शेकडो. एक पाय जमिनीवर टेकवून बाई धुरात उभ्या असत. त्या लवकर निघाल्या, मग आणखी लवकर निघू लागल्या. पण सगळेच लवकर निघत होते. खराडीशी उत्तरेश्वरांचा रस्ता संपे. बाईंचा तिथून पुढे निम्म्याहून अधिक उरे.

शेफाली आता पाळणाघरात राही आणि अफशीनला शकील सोडू लागला. ती वेळेवर पोचे आणि बाई पोचत नसत. पहिला तास तिचा होता आणि तो तास नगर रस्त्यावर संपे. मी आवारात शिरे तेव्हा ती पायरीवर बसलेली असे. माझा रंग दिसताच उठून पळत येई. पुढे पुढे ती पळत येईनाशी झाली. बसूनच बघे. मुख्याध्यापिका समजूतदार होत्या. त्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग, बाईंची क्षमा मागून, तो तास दुसऱ्या शिक्षिकेला दिला. नव्या बाईही चांगल्या होत्या. पण मुलीला पुन्हा नवा गळा, नवे ओठ ओळखायचे होते. शब्द 'दाती'वर अडला तो अडलाच.

त्यातच एका संध्याकाळी वाघोलीच्या चौकात टँकर उलटला. गाड्या हलेनात. उत्तरेश्वर कामासाठी नाशिकला गेले होते. बाई पोचल्या तेव्हा पाळणाघर बंद झाले होते, आणि शेफाली फाटकात रखवालदाराच्या खुर्चीवर, बूट-मोज्यांसकट झोपली होती. गालावर सुकलेले अश्रू होते. बाईंनी तिला उचलले. हेल्मेट काढायचेही त्यांना सुचले नाही.

त्या आठवड्यात त्यांनी शाळा सोडली.

निरोपाच्या दिवशी मुलांनी माझ्या हँडलला फुलांची माळ बांधली. अफशीन आली नव्हती. तिला ताप होता, असे शकील म्हणाला. खरे काय ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी भाजी आणायला जाई, शेफालीच्या शाळेत जाई. वर्षे गेली. भीमराव आपल्या खोलीत येऊन राहिले, गॅलरीत खुर्ची टाकून बसले, सुखाने गेले. घराने जे देऊ केले होते ते दिले, हे मी नाकारणार नाही. बाई इकडच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या. घरात त्यांनी कधी तक्रार केली नसावी. एकदा शेजारणीने विचारले, "तुम्ही पूर्वी काय करत होतात?" तेव्हा त्या म्हणाल्या, "विशेष काही नाही. शाळेत होते." आणि शेफालीने चमकून आईकडे पाहिले.

मग गेल्या वर्षी शकीलचा फोन आला. खाला गेल्या.

नवराबायको दोघे माझ्यावर बसून येरवड्याला गेले. माझा तो शेवटचा लांबचा प्रवास. जिना तोच होता. बऱ्याच वेळाने ते खाली आले, तेव्हा त्यांच्याबरोबर शकील होता आणि एक उंच, तरतरीत मुलगी. अफशीनला मी ओळखलेच नाही. तिने बाईंचा हात धरला, आणि मग हात सोडून खुणांनी बोलू लागली. बोटे केवढी चपळ! ती काहीतरी मोठे सांगत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

बाई बघत राहिल्या. त्यांनी उत्तर द्यायला हात उचलले आणि ते हवेतच थांबले. एक खूण झाली, दुसरी चुकली. ज्या हातांनी तिला पहिल्या खुणा शिकवल्या, ते हात आता तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

"शकीलभाई," शेवटी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?"

शकील ओशाळला. "म्हणतेय, ताई, मी आता बारीक मुलांना खुणा शिकवायला जाते, सुट्टीच्या दिवशी. तुमच्यासारखी. आणि म्हणतेय, दादी रोज तुमचं नाव काढायची."

"दादी म्हणते ती? तोंडानं?"

"नाही ताई. तोंडानं बोलणं तिनं कधीच सोडलं. गरजही पडत नाही तिला." मग तो म्हणाला, "अम्मीला मात्र शेवटपर्यंत वाटायचं, एकदा तरी म्हणेल."

मग आम्ही परत निघालो. पार्किंगमध्ये आल्यावर मला स्टँडवर लावता लावता उत्तरेश्वर म्हणाले, "तेव्हा तू नको म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं, कादंबरी."

"माहीत आहे हो मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जास्त लागतं."

त्यानंतर उत्तरेश्वर येरवड्यातली घरे गुपचूप बघून आले, असे ते रखवालदाराला सांगताना मी ऐकले. आता तिथून मेट्रो जाते. त्या अंधाऱ्या जिन्याच्या घरालाही आता किमतीमुळे हात लावता येत नाही, असे ते म्हणत होते.

मित्रांनो, परवा सूचनाफलकावर कागद लागला आहे. बंद पडलेल्या गाड्या हलवायच्या आहेत. बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि भंगारवाल्याला यायला सांगितले. मला त्याचे वाईट वाटत नाही. जागा तुम्हाला खेळायला मोकळी होईल.

पण एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही घरे बघायला जाल. भिंती बघा, पाण्याची धार बघा, गॅलरीतले ऊनही बघा. त्यात वाईट काही नाही. मात्र घर रविवारी पाहिलेत, तर एकदा सोमवारी सकाळीही त्या दारातून कामाला निघून बघा. आणि घरातल्या ज्या माणसाला सगळ्यांत लांब जायचे आहे, त्याला आधी बोलू द्या. त्याने हसून मान डोलावली, तर पुन्हा एकदा विचारा.

आणि ते माणूस तुम्हीच असाल, तर बोला. तुम्हाला वाचा आहे.