खिंडीतला इल्मेत

इल्मेत मेला तेव्हा मी काराकोलच्या दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात, उजवा पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. वय वर्षं एकोणपन्नास. आणि रडत होते ती अशी, की नर्स इंजेक्शन भरूनच धावत आली.

"कुठं दुखतंय, कनिशाय एजे?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तिनं विचारलं.

"दुखत नाही गं. इल्मेत गेला."

"अगं बाई! कोण तुमचे? भाऊ?"

मी पुस्तक वर धरलं. मुखपृष्ठावर पंख पसरलेला आंधळा प्राणी होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं. "माझा मुलगा वाचतो असली. सातवीत आहे," एवढंच म्हणाली.

तिचं आश्चर्य साहजिक होतं, माझं मलाही नवल वाटत होतं. मी बावीस वर्षं रुग्णवाहिकेच्या फोनवर बसतेय. लोक किंचाळतात, हुंदके देतात, आणि मी एकाच पट्टीत म्हणते, "रडू नका, पत्ता सांगा." हळूहळू ते अंगातच मुरलं. वडील गेले तेव्हाही मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मयतीसाठी उभारलेल्या तंबूत बायका आक्रोश करत होत्या आणि मी चहाचे पेले मोजत होते. नणंद नंतर गावभर म्हणाली, "दगड आहे ती."

पुस्तक दिलं ते शेजारच्या खाटेवरच्या मेहरिगुलनं. एकोणीस वर्षांची उइगुर पोर, घोड्यावरून पडून गुडघा मोडलेली. घरी जायच्या दिवशी तिनं ते माझ्या पोटावर टाकलं.

"एजे, छताकडे असंच बघत राहिलात तर छत खाली येईल. हे घ्या."

"मी काय लहान आहे, राक्षस नि जादूटोणा वाचायला?"

"वीस पानं वाचा, मग भांडा."

भांडायचं राहूनच गेलं. त्या गोष्टीत एक उंच खिंड आहे. तिथलं धुकं माणसांची नावं खातं, आणि जो आपलं नाव विसरला तो उभ्या जागी दगड होतो. मुखपृष्ठावरचा तो पंखवाला आंधळा म्हणजे इल्मेत, तिथला शिंग फुंकणारा. खडूस, दाढीत भाकरीचे कण अडकलेले, कुणाशी धड न बोलणारा. पण आलेल्या प्रत्येकाला तो नाव विचारतो, आणि तो माणूस पार होईपर्यंत धुक्यात त्याच्या नावानं हाका मारत राहतो. माणूस पलीकडे पोहोचला का, हे त्याला कधीच कळत नाही. कुणी मागे वळून सांगायला येत नाही. शेवटी एका थंडीत तो स्वतःचंच नाव विसरतो, आणि त्याला हाक मारायला कुणी नसतं.

तिथं माझा बांध फुटला. मलाही कधी कळलं नव्हतं. पत्ता लिहून घ्यायचा, गाडी पाठवायची, पुढचा फोन उचलायचा. ते म्हातारे, ती बाळं, पुढं जगली की नाही? इल्मेतसाठी रडता रडता त्या सगळ्यांसाठी रडले आणि सरतेशेवटी वडिलांसाठी. दोन उश्या भिजल्या. संध्याकाळी नवरा अश्ल्यान-फूचा, थंड आंबटतिखट शेवयांचा, डबा घेऊन आला, तेव्हा मी दोन वाट्या एका दमात संपवल्या. किती वर्षांनी अशी भूक लागली होती.

मागच्या पानावर लिहिलं होतं, दुसरा भाग आहे. कुबड्या घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले ती थेट वाचनालयात. तिथल्या रईसा फ्योदोरोव्ना सत्तरीच्या, कडक बाई. मी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि उगाच जोडलं, "मुलीला हवंय."

"किती वर्षांची मुलगी?"

"सत्तावीस."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठल्या पानावर रडली तुमची मुलगी?"

माझे कान तापले. "शेवटच्या."

"मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती," त्या म्हणाल्या. "दुसरा भाग इथं नाही. माझ्या घरी आहे. चला, चहाही होईल." जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला, की मी त्यांचा, कोण जाणे. त्या दिवशी तीन तास आम्ही फक्त इल्मेतबद्दल बोललो. एवढ्या मोकळेपणानं मी कुठल्या मैत्रिणीशी बोलले नव्हते.

माझा नवरा तुर्दुबेक सुरुवातीला टिंगल करायचा. "तुझा पंखवाला जेवायला थांबणार आहे का? पीठ जास्त मळू?" मग चहा पिताना विचारायला लागला, "हं, मग काय झालं पुढं?" मग म्हणाला, "मोठ्यानंच वाच ना, तुझी अर्धीमुर्धी गोष्ट कोण ऐकणार!" दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे, इल्मेतनं ज्यांना ज्यांना पार केलं ते सगळे परत खिंड चढून येतात. म्हाताऱ्या, व्यापारी, लंगडा चोर. त्याचं नाव कुणालाच धड आठवत नसतं. इल्मन, एल्मात, इल्मे, जो तो जमेल तशी हाक मारतो. तुर्दुबेक उठला.

"गाय नीट बांधलीये का बघून येतो."

गाय आम्ही दोन वर्षांपूर्वी विकली होती. बराच वेळ तो अंगणात होता.

एप्रिलमध्ये कामावर रुजू झाले. दुसऱ्याच दिवशी दुपारी जिरगालानच्या रस्त्यावरून एका माणसाचा फोन आला. बायकोला कळा सुरू झालेल्या, गाडी बर्फात रुतलेली. मी पत्ता घेतला, रुग्णवाहिका पाठवली, पण फोन ठेवला नाही.

"तुमचं नाव काय?"

"झानिबेक."

"बायकोचं?"

"ऐसुलू. तिला काही होणार नाही ना?"

"झानिबेक, फोन तिच्या कानाला लावा." आणि गाडी पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं मी तिच्याशी नावानं बोलत राहिले. शेजारच्या टेबलावरची सहकारी डोळे विस्फारून बघत होती.

दुसऱ्या दिवशी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मीच फोन लावला. उचलला झानिबेकच्या आईनं.

"कोण बोलतंय?"

"काल फोनवर होते ती. ऐसुलू कशी आहे?"

म्हातारी कुणाला तरी ओरडून म्हणाली, "अरे, इकडे या, तीच बाई आहे! विचारायला फोन केलाय!" मग मला म्हणाली, "मुलगी झाली, बाळा. दोघी ठणठणीत. पाळण्याला यायचं, नाही म्हणायचं नाही."

रविवारी आम्ही दोघं गेलो. तुर्दुबेकनं नवी टोपी घातली होती. म्हातारीनं मला सगळ्यांच्या वरच्या, मानाच्या जागी बसवलं, गरम बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, समोर ओतले आणि लपेटलेली पोर माझ्या मांडीवर ठेवली. पोर जांभई देत होती. मी तिच्याकडे बघत बसले, आणि मनातल्या मनात मेहरिगुलला, रईसाबाईंना आणि कुठल्याशा दूर देशात बसून ते पुस्तक लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला दुवा देत राहिले.