हजेरीबाहेरची माणसं

कारखाना बंद करण्याची नोटीस गेटवर लागली, त्या दिवशी युनियनच्या ऑफिसात कुणी खुर्चीला टेकलं नाही. सगळे उभेच, जणू बसलं की नोटीस खरी होईल. एकटे चिटणीस तेवढे आपल्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "घाबरू नका. कायदा आपल्या बाजूनं आहे."

राज्यानं मर्यादा वाढवल्यानंतर कायदा असा होता, की हजाराच्या वर माणसं जिथं कामाला आहेत, तो कारखाना सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येत नाही. आणि या मोटारींच्या कारखान्यात रोज पंधराशे माणसं कामाला जातात, हे गेटसमोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक होतं.

चिटणीस पुढारीबिढारी नव्हते. सव्वीस वर्षं ते गाड्यांना दरवाजे बसवत होते. दार लागल्याच्या आवाजावरून बिजागरी कुठे सूतभर सरकली आहे ते सांगत. अक्षर चांगलं म्हणून लोकांनी त्यांना चिटणीस केलं, आणि त्या अक्षरानंच घात केला.

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं एक कागद कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे सरकवला. चार वर्षांपूर्वीचं युनियनचंच पत्र. 'या कारखान्यात एकूण सहाशे चाळीस कामगार आहेत. ठेकेदारामार्फत येणारी माणसं या कारखान्याचे कामगार नाहीत.' खाली चिटणिसांची वळणदार सही.

"हजार कुठे आहेत, साहेब?" वकील गोड आवाजात म्हणाला. "युनियनच सांगते, सहाशे चाळीस."

ते पत्र चिटणिसांना चांगलं आठवत होतं. कंत्राटी लोकांनी युनियनमध्ये घ्या म्हणून अर्ज केला होता. कायम कामगारांचा शर्ट निळा, कंत्राटी लोकांचा राखाडी. लाइन तीच, काम तेच. पण राखाडी शर्टवाल्यांनी जेवायचं पत्र्याच्या शेडमध्ये, आणि चार दिवस तापानं पडलं की जागेवर दुसरा माणूस. यांना आत घेतलं तर आपलं काय राहिलं, ही निळ्या शर्टांची भीती. कमिटीनं ठरवलं, चिटणिसांनी कंपनीला लिहिलं. एक शब्द खोडावा लागला नव्हता.

अधिकाऱ्यांनी आठ दिवस दिले. नोटीस लागली त्या दिवशी कामावर असलेल्या कंत्राटी माणसांनी स्वतः येऊन जबाब दिले, तर विचार करू म्हणाले. पण ठेकेदारानं त्या सगळ्यांना नोटिशीच्या दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं. ते आता कशाला येतील? ते एकाच माणसाचं ऐकत. पेंट शॉपमधला सर्वांत जुना रंगारी. तो चिटणिसांचा व्याही होता.

मुलीनं लग्न स्वतः ठरवलं होतं. 'व्याही काय करतात?' असं कुणी विचारलं, की चिटणीस 'कंपनीत असतात' एवढं म्हणून विषय बदलत.

रविवारी सकाळी ते व्याह्यांच्या दोन खोल्यांत गेले.

"या, या! आज वाट चुकलात की काय?" व्याह्यांनी घरातली एकुलती खुर्ची पुढे केली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. कितीही घासले तरी त्यांच्या नखांतला रंग जात नसे.

"मुलीला भेटायचं असेल तर ती बाहेर गेलीय," आतून विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे काम असेल तर बसा."

चिटणिसांनी खाली मान घालून सगळं सांगितलं आणि खिशातून कागद काढला. "फक्त तीन ओळींचा जबाब. मीच लिहून आणलाय."

"आणलाच असणार," व्याही हसले. "तुमचा हात फार चालतो, व्याही. बरं, त्या जुन्या पत्राचं काय सांगणार साहेबांना?"

"नजरचुकीनं लिहिलं गेलं, असं."

"नजरचूक?" व्याह्यांचं हसू मावळलं. "रंगाचा ओघळ राहतो, ती नजरचूक. अकरा वर्षांत माझ्याकडून पुष्कळ झाल्या. पण अख्खी गाडी रंगवायची राहिली, असं कधी झालं नाही. तुमच्या पत्रात साडेआठशेवर माणसं राहिली!"

चिटणिसांनी कागदाची घडी करून तो पुन्हा खिशात घातला.

"उभं राहून खरं सांगा. मग आम्ही येतो, सगळे."

"अहो, माझी अब्रू जाईल. यानंच कारखाना घालवला, असं म्हणतील लोक."

"म्हणतील. आणि ते फार चुकीचं असेल, असंही नाही." व्याह्यांचा आवाज चढला नव्हता. "माणूस कागदावर अर्धा करता येतो, हे तुम्हीच कंपनीला लिहून दिलंत. अर्धा केलेला पुसून टाकायला मग कितीसा वेळ लागतो?"

पुढच्या सुनावणीला राखाडी शर्टांनी कचेरीचा व्हरांडा भरून गेला. चिटणीस उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, ते पत्र मी लिहिलं. नजरचुकीनं नव्हे. खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं."

"गप बस की, म्हाताऱ्या!" मागून एक निळा शर्ट ओरडला.

अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तेव्हा सहीनिशी एक सांगितलंत, आज गळ्याशी आल्यावर दुसरं. मी कोणतं खरं धरू?"

पंधरा दिवसांनी हुकूम आला. राखाडी शर्टवाल्यांचे जबाब झाले होते, पण कंपनीच्या हजेरीत त्यांची नावं नव्हती. कामगार सहाशे चाळीस. परवानगीची गरज नाही.

काय उपयोग झाला खरं बोलून! चार वर्षांपूर्वी एक ओळ खरी लिहिली असती, तर आज पंधराशे घरं वाचली असती! यंत्रं ट्रकवर चढली. कारखान्याच्या रस्त्यावरची दुकानं एकेक करून मिटली, खोल्यांवर 'भाड्याने देणे' लागलं. बाजारात चिटणिसांना पाहून लोक तोंड फिरवू लागले. त्यांनी कुणाला बोल लावला नाही.

एक अपील उरलं होतं. आशा धरू नका, असं युनियनच्या वकिलानं आधीच बजावलं होतं. अपिलाला सगळ्या कामगारांची नावं हवी होती, पंधराशेच्या पंधराशे. चिटणीस व्याह्यांच्या खोलीत वही घेऊन बसले. रांग जिना उतरून खाली गेली होती. पुढे आला तो गाडीला डावीकडचे दरवाजे बसवणारा. उजवीकडचे चिटणीस बसवत. नऊ वर्षं प्रत्येक गाडीच्या रिकाम्या सांगाड्यातून दोघांनी एकमेकांचे चेहरे पाहिले होते.

"नाव?" चिटणिसांना विचारावं लागलं.

"नऊ वर्षं समोरासमोर, आणि आज विचारताय होय, काका?"

चिटणिसांचं पेन थांबलं. डोळे भरून आले. "चुकलं रे माझं."

"चुकलंच. लिहा आता, मागं माणसं खोळंबलीत."

त्यांनी लिहिलं, त्याचं, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. मग पुढच्याला विचारलं. संध्याकाळपर्यंत ते विचारत राहिले. अपील बहुधा फेटाळलं जाईल, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही कळत होतं.

वाचकहो, दुसऱ्याला चार शब्द सांगावेत असा अधिकार कुणाला आहे, कोण जाणे. पण आपल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात आपल्याच बरोबरीनं राबणारं कुणीतरी असतं, ज्याला आपण 'तो आपल्यातला नाही' म्हणतो, कारण तसं म्हटल्यानं आपली खुर्ची घट्ट झाल्यासारखी वाटते. ती घट्ट होत नाही. ज्यांना आपण मोजत नाही, त्यांच्यावाचून एक दिवस आपणही मोजण्याइतके उरत नाही. त्यांचं नाव आजच विचारा. गरज पडल्यावर विचारलेलं नाव फार उशिरा विचारलेलं असतं.