एक रायफल, एक गोळी आणि मुसेम्बी

आता मला बोलू द्या. वर्षानुवर्षं या भिंतीवर टांगलेली आहे आणि खाली बिअर ढोसत बसणाऱ्यांचा तोच तो वाद ऐकतेय. "हत्तीपासून हरणापर्यंत सगळ्या शिकारीला एकच रायफल घ्यायची झाली, तर कुठली? आणि गोळी कुठली?" टेबलं आपटली जातात, आवाज चढतात, आणि शेवटी कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "वाद कशाला? ती बघ, वर लटकलीय."

होय, ती मीच. आफ्रिकेतल्या अरुशा शहरातल्या या हॉटेलात दारूच्या बाटल्यांच्या वर मला टांगलं आहे. माझ्याखाली पितळेची पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते नंतर सांगते, कारण जे लिहिलेलं नाही ते सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म इथला नाही. दूर थंडीच्या मुलखात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता त्याने तीन आठवडे उघड्या तळहाताने तेल चोळून चोळून गुळगुळीत केला. त्या भल्या माणसाने जन्मात डुकरापेक्षा मोठं जनावर पाहिलं नव्हतं. मला मात्र त्याने हत्तीसाठी बनवलं.

जहाजातून, मग आगगाडीतून, मग लॉरीतून मी मेरू डोंगराच्या पायथ्याशी फानी रूलोफ्से नावाच्या गोऱ्या शिकाऱ्याकडे आले. फानी परदेशी पाहुण्यांना रानात नेऊन शिकार करवायचा, तोच त्याचा धंदा. त्याच्या घरी तेव्हा आम्ही तिघी होतो. हत्तीसाठी दोन नळ्यांची थोरली, हरणांसाठी सडपातळ धाकटी आणि मी मधली. मधलीचे जे हाल सगळ्या घरांत होतात तेच माझे. थोरलीचा मान, धाकटीचे लाड, आणि मी कोपऱ्यात.

आमचं सगळं करायचा तो मुसेम्बी. हा कंबा मुलखातला माणूस फानीच्या बापाच्या वेळेपासून घरात होता. माग काढायचा, बंदुका वाहायचा, त्या पुसून ठेवायचा. फानीला जनावराचं पाऊल वाचायला शिकवलं ते त्यानेच. गळ्यात राखेची छोटी पिशवी असायची. ती झटकली की वारा कुठे वाहतोय ते कळायचं. विचार करायचा झाला की तो तपकीर ओढायचा आणि इतका जोरात शिंकायचा की पाहुण्यांची तोंडं वाकडी व्हायची.

गोळ्यांच्या बाबतीत त्याची एक शिस्त होती. उघड्या शिशाच्या टोकाची मऊ गोळी अंगात शिरली की फुलते आणि आतलं सगळं फाडते. ती सिंहाला आणि बिबट्याला. पोलादी कवचाची टणक गोळी फुलत नाही, हाड फोडून सरळ जाते. ती हत्तीला आणि रानरेड्याला. मुसेम्बीच्या पट्ट्यात मऊ डावीकडे असायच्या, टणक उजवीकडे. न बघता, नुसतं टोक चाचपून तो हवी ती हातात द्यायचा. एकदाही चुकला नाही.

चुकला तो फानी. एका सकाळी उशीर झाला म्हणून त्याने दोन्ही गोळ्या मूठमूठभर स्वतःच्या खिशात कोंबल्या. दुपारी रानरेडा समोर आला तेव्हा त्याने खिशातून काढून माझ्या पोटात घातली ती मऊ. रेड्याच्या खांद्याच्या हाडावर ती भुगा होऊन पडली आणि रेडा पळाला. दोन दिवस त्याच्यामागे हिंडावं लागलं, पाहुण्याने नाक मुरडलं. फानीने सगळ्यांसमोर मुसेम्बीला धरलं.

"डोळे फुटले का रे तुझे? कुठली गोळी दिलीस मला?"

मुसेम्बीने गोळी दिलीच नव्हती. त्याने डबी उघडली, तपकीर ओढली आणि शिंकला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी फानीने जाहीर केलं, "आजपासून हा घोळ बंद. एक रायफल, एक गोळी. ही मधली ठेवणार, बाकीच्या दोघी विकणार. आणि गोळी फक्त टणक. जी हत्तीच्या कवटीतून जाते ती सिंहातून जाणार नाही होय?"

"जाईल ना, ब्वाना," मुसेम्बी म्हणाला. इथे मालकाला ब्वाना म्हणतात. "जाईल आणि पलीकडे निघूनही जाईल. सिंहाला पत्ता लागायच्या आत."

"आता तू मला शिकवणार?"

"तुमच्या चड्डीची बटणं मी लावायचो, ब्वाना, तेव्हापासून शिकवतोय."

स्वयंपाकी हसला, गाडीवाला हसला. फानी हसला नाही. तो विनोद तिथे करायला नको होता असं मला अजून वाटतं. सगळ्यांसमोर हसं झालं की फानीसारखी माणसं हट्टाला पेटतात.

आणि मी? थोरली गेली, धाकटी गेली, आणि मला आकाश ठेंगणं झालं. घरात एकटीच! सगळ्या रानाची मालकीण! मुसेम्बीचं बोलणं मीही ऐकलं होतं, पण मला तेव्हा ते मत्सराचं वाटलं. आज माझीच मला लाज वाटते.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. हत्ती पडले, रेडे पडले. फानीने शिकारीच्या मासिकात लेख लिहिला, 'एक रायफल, एक गोळी'. माझा फोटोसुद्धा छापून आला. लेख वाचून पाहुणे येऊ लागले. आता ते वाक्य गिळायचं म्हणजे फानीला नाक कापून घेण्यासारखं होतं.

असाच लेख वाचून टेक्ससचा विल्बर आला. त्याला सिंह हवा होता, आणि तो माझ्याच नळीतून. गवत पिवळं पडलं होतं, कमरेच्या वर आलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला एका मेलेल्या रेड्यावर सिंह बसलेला दिसला. विल्बरने मला हातात घेतलं. तेवढ्यात मुसेम्बीने कोटाच्या खिशातून तीन गोळ्या काढल्या. मऊ. दोन वर्षं त्याने त्या जपून ठेवल्या होत्या.

"ब्वाना, सिंह आहे. ह्या घाला."

फानीने गोळ्यांकडे पाहिलं. मग विल्बरकडे पाहिलं. विल्बर त्याच्याचकडे बघत होता.

"खिशात ठेव त्या," फानी म्हणाला.

विल्बरने चाप ओढला. गोळी सिंहाच्या अंगातून सुईसारखी गेली आणि मागच्या मातीत धूळ उडाली. सिंह ओरडला आणि गवतात शिरला. "आरपार! आरपार गेली!" विल्बर नाचायला लागला. मुसेम्बीने नुसतं त्या धुळीकडे पाहिलं.

जखमी जनावराला सोडून परत फिरायचं नाही, हा इथला धर्म. एक सिगारेट ओढून होईपर्यंत थांबायचं आणि मग मागावर जायचं. पाहुणा गाडीत बसतो, शिकारी बंदूक घेऊन जातो, आणि रक्ताचे थेंब वाचणारा दोन पावलं पुढे चालतो. त्याच्या हातात काही नसतं. त्याचे डोळे खाली लागलेले असतात.

गवताच्या कडेला मुसेम्बी थांबला. गोळ्या पुन्हा बाहेर काढून हळूच म्हणाला, "फानी, आता तरी बदल. पाहुणा लांब आहे."

या वेळी त्याने 'ब्वाना' म्हटलं नाही. नुसतं फानी म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

फानी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "तो दुर्बिणीतून बघतोय रे. बदलताना दिसलो तर काय सांगू त्याला?"

मुसेम्बीने गोळ्या परत कोटात टाकल्या. राखेची पिशवी झटकली, वारा पाहिला, आणि पुढे चालू लागला.

चाळीस पावलं झाली असतील. सिंह डावीकडून आला. फानीचा नेम चुकला नाही, ते मी शपथेवर सांगते. छातीत बरोबर मधोमध लागली. पण ती गोळी आत शिरून बाहेर गेली आणि सिंह धावतच राहिला. फानीने खटका मागे ओढून पुढे ढकलला आणि दुसरी झाडली. ती कवटीत बसली. दोन गोळ्यांमध्ये जो वेळ गेला, तेवढ्यात सिंह मुसेम्बीपर्यंत पोचला होता.

फानी रडला. उगाच खोटं कशाला बोलू? मला गवतात फेकून त्याने सिंहाखालून म्हाताऱ्याला ओढून काढलं, मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखा रडला. पण अधिकारी चौकशीला आला तोवर त्याचे डोळे कोरडे झाले होते. "मी थांब म्हणालो होतो," त्याने सांगितलं. "त्याने ऐकलंच नाही, पुढे पळाला." विल्बरने मान डोलावली. पुढच्या लेखात सिंह दुसऱ्या गोळीला जागच्या जागी कोसळला असं छापून आलं. मुसेम्बीचं नावही नव्हतं. 'माझा एक माणूस दगावला' एवढंच.

मी साक्षीदार होते. पण माझ्या पोटात जे घालाल तेच मी बाहेर टाकते. शब्द माझ्या पोटात कुणी घातले नाहीत.

मुसेम्बीचा कोट त्याच्या मुलीकडे, कवाताकडे, पोचवला गेला. फानीने त्यानंतर माझा चाप कधी ओढला नाही. देश सोडून जाताना त्याने मला या हॉटेलाला दिलं, आणि पाटी स्वतः कोरून घेतली. 'एक रायफल, एक गोळी. हत्ती चौदा. रानरेडे एकसष्ट. सिंह पाच.'

कवाता आता इथेच झाडपूस करते. केस पांढरे झालेत तिचे. दर शुक्रवारी स्टुलावर चढून ती मला पुसते, पाटी घासते. माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी काही केलेलंही नाही.

परवा खाली पुन्हा तोच वाद पेटला. एक पाहुणा तिला चिडवत म्हणाला, "काय गं मावशी, तू सांग. सगळ्यांना एकच गोळी चालेल की नाही?"

कवाताने फडकं खाली ठेवलं. एप्रनच्या खिशातून तीन गोळ्या काढून त्याच्या ग्लासाशेजारी उभ्या केल्या. शिशाची टोकं काळी पडली होती.

"माझ्या बापाला माहीत होतं," ती म्हणाली.

पाहुण्याने एक गोळी उचलली, उजेडात फिरवून पाहिली. "अरे वा! जुना माल आहे. विकतेस का?"

कवाताने ती त्याच्या बोटांतून काढून घेतली. तिन्ही परत खिशात टाकल्या आणि स्टुलावर चढून पाटी घासायला लागली.

त्या पाटीवर 'सिंह पाच'च्या खाली एका ओळीची जागा मोकळी आहे. तिथे ती जरा जास्त वेळ घासते. तुमच्यापैकी कुणी कधी या हॉटेलात आलात, तर वाद घालू नका. एक खिळा घेऊन या आणि त्या मोकळ्या जागेत माझी शेवटची शिकार लिहा. माणूस एक. मुसेम्बी.